गणपतीला घाट उतरणार असाल तर आधी हॉर्न बघा

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज, कुठूनही निघा. येत्या गणपतीला मोटारसायकलवरून आंबा घाट उतरून गावी जाणार असाल तर ही कळकळीची विनंती तुम्हाला आहे. आणि ती निघायच्या दिवसासाठी नाही, आजच्यासाठी आहे. हे वाचून झालं की गाडीपाशी जा. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, हॉर्न दाबा. मग हँडल पार डावीकडे नेऊन दाबा, पार उजवीकडे नेऊन दाबा. शेवटी पुढच्या मडगार्डवर आणि हेडलाइटच्या खाली बादलीभर पाणी मारा आणि पुन्हा दाबा. चारही वेळा सारखाच खणखणीत आवाज आला तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. एकदा जरी तो दबला, फाटला किंवा गप्प झाला, तर शेवटपर्यंत वाचा आणि याच आठवड्यात काम करून घ्या.

माझं गॅरेज मलकापूरच्या पुढं, घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. दरवर्षी हरितालिकेच्या दिवशी पहाटेपासून शटरसमोर गाड्या उभ्या असतात. कुणाची क्लच वायर तुटलेली, कुणाची चेन लोंबतेय, कुणाचे ब्रेकशू संपलेत. मागे बायको, मधे पोरगं, टाकीवर मखराचं थर्माकोल नाहीतर नवाकोरा लाकडी पाट बांधलेला. त्या दिवशी हॉर्न दाखवायला म्हणून आजवर एकही गाडी थांबलेली मला आठवत नाही. त्यालाही कारण आहे. पंक्चर झालं तर गाडी थांबते, चेन तुटली तर गाडी थांबते. हॉर्न बंद पडला तर गाडी छान चालूच राहते. ज्या वळणावर तो हवा असतो, तिथं पोचेपर्यंत कुणाला पत्ताच नसतो.

घाटात श्रावण-भाद्रपदात काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, पण नवीन पोरांसाठी सांगतो. आंबा गाव सोडलं की धुकं अंगावर येतं. कधी कधी पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही, फक्त धुकं जरा गुलाबी झालेलं दिसतं. ताशी ४० म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. समोरचाही तेवढ्याच वेगानं चढत असेल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला २२ मीटरनं कमी होतं. ३० मीटरवरचं दिसत असेल तर दिसल्यापासून धडकेपर्यंत दीड सेकंदही मिळत नाही. तेवढ्या वेळात माणूस फक्त दचकतो. आवाजाला मात्र ३० मीटर जायला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही, आणि हेडलाइटचा झोत जिथं कड्यावर जाऊन थांबतो तिथून आवाज वळून पलीकडं जातो. म्हणून घाटात हॉर्न हा तुमचा खरा हेडलाइट.

आता माझीच गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याची सांगितली की लोक म्हणतात मिस्त्री धंद्यासाठी घाबरवतोय. काही वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीला शंखासारखे दोन विंडटोन हॉर्न बसवले. लेगगार्डवर, तोंडं वर करून, कारण तसे ते दिसायला झकास दिसत होते. गावातून एक चक्कर मारली तर लोक मागं वळून बघत होते. त्याच आठवड्यात साखरप्याला जायचं निघालं. निम्मा घाट उतरलो, पाऊस कोसळत होता. एका वळणावर बटण दाबलं आणि हॉर्नमधून गुळण्या केल्यासारखा आवाज आला. दोन्ही शंख पाण्यानं भरले होते. समोरून दुधाचा टेम्पो खड्डा चुकवत माझ्या अंगावर आला. माझ्या बाजूला डोंगर होता, दरी नव्हती, एवढंच नशीब. गाडी गटारात गेली, लेगगार्ड दुमडला, मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलं. टेम्पोवाला ओळखीचाच निघाला. मला उठवून बसवलं आणि म्हणाला, “हॉर्न तरी द्यायचा की, मिस्त्री!” काय उत्तर देणार? हॉर्न मीच बसवला होता.

तेव्हापासून गिऱ्हाईक ‘मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवा’ म्हणत आलं की मी आधी जागा बघतो, मग आवाजाचं बोलतो. बऱ्याच गाड्यांना हॉर्न पुढच्या चाकाच्या मागं, चेसिसच्या खालच्या नळीला नाहीतर लेगगार्डच्या आसपास असतो. कोरड्या रस्त्यावर त्याचं काही बिघडत नाही. पावसात पुढचं चाक जो चिखल फेकतं तो थेट त्याच्या तोंडावर जातो. हॉर्नच्या आत एक तारेची गुंडाळी, एक पोलादी पडदा आणि एक छोटा पॉइंट असतो. वीज आली की गुंडाळी पडद्याला ओढते, ओढला की पॉइंट उघडतो, वीज तुटते, पडदा परत जातो, पॉइंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला काही शे वेळा चालतं, आणि तोच आवाज. पडद्यावर चिखलाचे पापुद्रे बसले की तो जड होतो, पॉइंटला गंज चढला की वीज अडखळते. मग हॉर्न घसा बसल्यासारखा घोगरा वाजायला लागतो. महिनाभरापूर्वी एक स्प्लेंडर आली होती, हॉर्न अजिबात वाजत नव्हता. खोलून उलटा केला तर आधी वाळू पडली, मग मातीचं एक वाळकं ढेकूळ. कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं. गाडीवाल्याला तीन महिने कळलंच नव्हतं, कारण तो शेतातून गावात आणि गावातून शेतात, एवढंच जात होता. त्याला गणपतीला लांज्याला जायचंय.

तर जागा. माझ्या अनुभवात बहुतेक गाड्यांना सगळ्यात चांगली जागा हेडलाइटच्या मागं आणि खाली, हँडलच्या टीच्या जवळ मिळते. तिथं चाकाचा चिखल कमी पोचतो, हेडलाइटचं डोकं वरून छत्रीसारखं असतं आणि हॉर्नचं तोंड रस्त्याकडं मोकळं राहतं. शंखाचा हॉर्न असेल तर तोंड पुढं आणि थोडं खाली, म्हणजे पाणी गेलंच तरी आपसूक गळून जाईल. हॉर्न हलवल्यावर तो कुठं घासतो का हे नुसतं गाडी स्टँडवर उभी करून कळत नाही. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि दोघांनी हँडलवर पूर्ण वजन टाकून शॉकअप खाली दाबा. मडगार्ड वर येऊन हॉर्नला लागत असेल तर घाटातल्या पहिल्याच खड्ड्यात एक तरी वस्तू फुटणार. हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत फिरवा. टाकीला टेकतो का बघा, वायर ताणली जाते का बघा. वायरीला तिथं थोडी ढील, एक छोटा वेढा ठेवायचा असतो. पुष्कळ हॉर्न ‘डावीकडे वळलं की बंद’ असतात त्याचं कारण हॉर्नमध्ये नसतं, त्या आखडलेल्या वायरीत असतं. इंजिनच्या फिनवर जाणारा वारा अडेल असा मोठा हॉर्न समोर टांगू नका. रेडिएटर किंवा ऑइल कूलर असलेल्या गाडीत तर मुळीच नाही. सायलेन्सरच्या बेंडपाशी वायर नेऊ नका.

आणि पत्ती. हे मी पोटतिडकीनं सांगतो, कारण इथं भलेभले चुकतात. हॉर्नबरोबर जी पोलादी पत्ती येते ती काही नुसतं अडकवायचं हूक नव्हे. ती लवचीक असते आणि हॉर्न तिच्यावर थरथरत लोंबला पाहिजे. कुणी ती फेकून देऊन हॉर्न थेट चेसिसला नटानं आवळतं, कुणी मागं रबर कोंबतं, कुणी प्लास्टिकच्या टायनं लेगगार्डला बांधून मोकळं होतं. मग आवाज अर्धा होतो आणि दोष हॉर्नला. घंटा मुठीत धरून वाजवली तर कशी वाजेल, तसं ते. हॉर्नचं अंग कशालाही टेकता कामा नये, बोटभर मोकळी जागा चारी बाजूंनी हवी.

जागा बदलून, पडदा साफ करून, मागचा स्क्रू अगदी पाव आटा इकडं-तिकडं फिरवून बघितला की निम्म्या गाड्यांचा मूळ हॉर्नच पुन्हा दणक्यात वाजतो. नवीन घ्यायची गरजच पडत नाही. मला त्यात पैसे कमी मिळतात, पण खरं ते खरं.

ज्यांना तरीही मोठा हवाय, त्यात मागे कुटुंब बसवून लांब जाणारे आलेच, त्यांना माझी ना नाही. पावसाचा आवाज, रेनकोटची फडफड, समोरच्या मोटारीच्या काचा बंद, आत गाणी लावलेली. छोट्या गाडीचा बारीक ‘पीं’ तिथवर पोचत नाही हे मान्य. एक जाड आणि एक बारीक अशी विंडटोनची जोडी घ्या. जाड सूर वळणाला जास्त वळतो, बारीक सूर पावसाच्या आवाजातून वेगळा कळतो. पण जोडी बसवताना जुन्याच वायरीला जोडून मोकळे होऊ नका. मूळ छोटा हॉर्न दीड-दोन अँपिअर खातो, विंडटोनची जोडी आठ-दहापर्यंत जाते. हँडलवरचं ते बटण आणि आतली ती दोऱ्याएवढी वायर तेवढ्यासाठी केलेलीच नाही. आधी बटणाचा पॉइंट करपतो, मग हॉर्न मरगळतो, आणि एखाद्या दिवशी वायर वितळून टाकीखालून धूर येतो.

त्यासाठी रिले लागतो. काडेपेटीपेक्षाही लहान डबी असते, चार पाय असतात, पायांवर आकडे कोरलेले असतात. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी ८५ आणि ८६ ला. बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घालून, ती ३० ला. ८७ वरून नवीन हॉर्नना, आणि हॉर्नचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला. आता बटण फक्त रिलेला इशारा देतं, खरी वीज जाड वायरीनं जाते. मूळ वायरिंग कुठंही कापायचं नाही, जुन्या थिंबलमध्येच जोडायचं. उद्या मूळ हॉर्न परत लावायचा झाला तर दहा मिनिटांत लागला पाहिजे. गाडी वॉरंटीत असेल तर हे आणखी महत्त्वाचं. फ्यूज नको म्हणणारा मिस्त्री भेटला तर नमस्कार करून गाडी दुसरीकडं न्या. रिले टाकीखाली किंवा सीटखाली, पाय खाली करून बसवा म्हणजे आत पाणी साचत नाही. एवढं सगळं रिले, वायर, फ्यूज, थिंबल आणि मजुरी धरून माझ्याकडं चार-पाचशेत होतं, हॉर्न वेगळे.

बॅटरी मात्र बघून घ्या. १०० सीसीच्या गाड्यांना बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची, म्हणजे चिमुकली असते. २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर कायम पेटलेलाच असतो, त्यात घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्यावर रांगते, चार्जिंग जेमतेम. अशा गाडीला दोन नको, एकच चांगला हॉर्न पुरे. आणि ज्यांची बॅटरी सकाळी सेल्फ मारताना कण्हते त्यांनी हॉर्नचे पैसे आधी बॅटरीत घालावेत.

आता पोरांसाठी दोन शब्द. प्रेशर हॉर्न, कुत्र्यासारखा भुंकणारा, लहान बाळासारखा रडणारा, सिनेमाची धून वाजवणारा हॉर्न माझ्याकडं मिळणार नाही आणि दुसऱ्यानं बसवलेला मी दुरुस्तही करणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम सूर बदलत जाणारा, कर्कश, दचकवणारा हॉर्न लावूच देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमात आवाजाचे निकष मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, कैद आहे, लायसन्स तीन महिने जातं. विनाकारण हॉर्न वाजवला तर १९४एफखाली पहिल्यांदा १,००० आणि पुढं २,०००. पण दंडाचं सोडा. वळणावर मागून अचानक ट्रकसारखा भोंगा वाजला तर पुढचा सायकलवाला दरीच्या बाजूला झुकतो. त्याला तुम्ही सावध केलं नाही, ढकललं. ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ आपल्या परिवहन खात्यानं २०१५ मध्ये पुसायला लावलं ते काही उगीच नव्हे.

शिवाय हॉर्नचं निम्मं काम ऐकणाऱ्याच्या कानात असतं. सायलेन्सरची पुंगळी काढून गाडी फडफडवत घाट उतरणाऱ्याला समोरच्या एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही. हेल्मेटच्या आत कानात गाण्याची बोंडं घालणाऱ्यालाही नाही. त्यांनी कितीही भारी हॉर्न बसवला तरी तो एकतर्फी. पुंगळी परत बसवायला माझी मजुरी नाही, हे इथं लिहून देतो. काढलेली पुंगळी मात्र घरून शोधून आणा, माळ्यावर असेल.

घाटात हॉर्न कसा द्यायचा हे शिकायचं असेल तर एसटीच्या ड्रायव्हरकडं बघा. वळण सुरू व्हायच्या आधी एक मोठा. मग गप्प. कान देऊन ऐकतो. समोरून उत्तर आलं तर वेग मोडतो, बाजू धरतो, आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जाऊ देतो, कारण तसा नियमच आहे आणि चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक असतं. वळणाच्या मधोमध पोचल्यावर पीं-पीं-पीं करण्यात अर्थ नाही, तोवर जे व्हायचं ते दिसलेलं असतं. बटण एका दमात सेकंदभर दाबा. धरून ठेवलं तर गुंडाळी तापते आणि बॅटरी बसते. घाट संपून साखरप्याच्या बाजारात शिरलात की अंगठा बटणावरून काढा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आसपास १०० मीटरात शांतता क्षेत्र असतं, आणि रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत हॉर्न वाजवायला मनाई आहे. पहाटे तीनला गावात पोचून घरच्यांना उठवायला हॉर्न मारणारे चाकरमानी मी पाहिलेत. दार ठोठावा की.

वरंधा, कुंभार्ली, गगनबावडा, फोंडा, आंबोली या वाटांनी उतरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मला आंबा घाट जवळचा म्हणून त्याचं नाव घेतलं. त्या वाटांवरच्या माझ्या मिस्त्री भावांनाही हात जोडून विनंती, की पुढचे आठ-दहा दिवस गाडी कुठल्याही कामाला येऊ दे, चेनला येऊ दे नाहीतर हवेला, गिऱ्हाईकाला न विचारता एकदा हॉर्न दाबून बघा. दोन सेकंदांचं काम आहे. स्कूटरवाल्या ताईंच्या गाडीचाही बघा. तिथं हॉर्न पुढच्या पत्र्याच्या आत लपलेला असतो, त्यामुळं बिघडला तरी बाहेरून काही कळत नाही.

हरितालिकेच्या संध्याकाळी येऊ नका. परत पाठवणार नाही, पण त्या गर्दीत मी फार तर पत्ती सरळ करून देईन; जागा बदलून, शॉकअप दाबून, पाणी मारून बघायला निदान तासभर लागतो. श्रावण अमावस्येच्या आत या. एरवी आठला उघडतं ते शटर या आठवड्यात सकाळी सातला उघडेन. रिले, फ्यूज, पत्त्या कोल्हापुरातून आणून ठेवल्यात. आणि एक, येताना गाडी धुऊन आणू नका. चाकाचा चिखल तुमच्या गाडीत कुठून उडून कुठं बसतो ते बघूनच मला हॉर्नची जागा ठरवायची असते.